लांबलेली शस्त्रक्रिया आणि समताभाव
(व्याख्यानाचा मजकूर)



गुडघेदुखी हा धर्मन्यासाच्या व्यासपीठावरचा विषय आहे काय, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर कोणत्याही मंदिरात, स्थानकात वा उपाश्रयात डोळ्यांना दिसते. एके काळी सारी सभा सतरंजीवर मांडी घालून बसत असे. आता भिंतीलगत खुर्च्यांची रांग लागते आणि ती वर्षागणिक लांबत जाते. सामायिकाची ४८ मिनिटे एका आसनावर स्थिर बसणे, प्रतिक्रमणातील उठबस, पंचांग टेकवून केलेली वंदना, कायोत्सर्गातील निश्चल उभे राहणे, तीर्थक्षेत्राच्या पायऱ्या, या साऱ्या क्रियांचा भार किती प्रमाणात गुडघ्यावर असतो, हे गुडघा निकामी झाल्यावरच उमगते. म्हणून हा विषय जितका अस्थिरोगतज्ज्ञांचा आहे, तितकाच तो श्रावकाचाही आहे.

सांधा बदलावा की बदलू नये, याचा ऊहापोह पुष्कळदा होतो. आजचा विषय त्याच्या पुढचा आणि काहीसा उपेक्षित आहे. निर्णय झाला, मनाची तयारी झाली, पैशांची तजवीज झाली, परगावी नोकरी करणाऱ्या मुलाने रजा काढली, मुलगी सासरहून आली, आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. कधी पंधरा दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी, तर कधी नवी तारीखच नाही. घर पुन्हा आपल्या कामाला लागते आणि दुखरा गुडघा घेऊन ते माणूस त्याच खाटेवर परत येऊन बसते. या मधल्या काळाविषयी त्याला कोणी फारसे काही सांगत नाही. हा काळ कसा काढावा, त्यात रुग्णाचे कर्तव्य कोणते आणि समाजाचे कोणते, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

वर्धा जिल्ह्यातील अनेक रुग्ण अशा शस्त्रक्रियेसाठी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाची किंवा सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाची वाट धरतात. काही नागपूर गाठतात. आर्वी, आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूरकडच्या वृद्धेला दुखऱ्या गुडघ्याने एसटीची उंच पायरी चढून तेथवर पोहोचणे हीच एक परीक्षा असते. ती देऊन रुग्णालयात गेल्यावर ‘आज होणार नाही’ हे शब्द कानी पडले, तर तिच्या मनाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करता येते.

शस्त्रक्रिया लांबण्याची कारणे मात्र बहुधा समजण्यासारखी असतात. रक्तातील साखर वाढलेली असते, लघवीत जंतुसंसर्ग आढळतो, पायावर एखादी जखम किंवा गळू असते, हिमोग्लोबिन कमी भरते, आदल्या रात्री ताप येतो, रक्त पातळ ठेवणारी गोळी वेळेवर थांबविलेली नसते, शासकीय योजनेची मंजुरी आलेली नसते, किंवा अपघाताचे रुग्ण अकस्मात आल्याने शस्त्रक्रियागृहच मोकळे नसते. कृत्रिम सांध्यात जंतू शिरले, तर तो सांधा काढून पुन्हा बसविण्याची वेळ येऊ शकते. म्हणून संसर्गाची शंका असताना थांबणारा शल्यविशारद रुग्णाचे नुकसान करीत नसतो, तो त्याचे रक्षण करीत असतो. ही गोष्ट पहिल्याच दिवशी नीट समजली, तर मनातील निम्मा कडवटपणा ओसरतो.

काही वेळा तारीख रुग्णालय पुढे ढकलत नाही, घरच ढकलते. आधी कापसाची वेचणी, मग दिवाळी, मग लगनसराई, मग सुनेचे बाळंतपण, मग चातुर्मास, अशी कारणांची माळ ओवली जाते. विशेषतः घरातील ज्येष्ठ स्त्री आपल्या दुखण्याचा उच्चार कमी करते आणि तिची तारीख सर्वांच्या सोयीनंतर ठरते. रुग्णालयाने दिलेली प्रतीक्षा आणि घराने लादलेली प्रतीक्षा यांत हा फरक आहे की, दुसरीचे निवारण घराच्याच हाती असते.

या शस्त्रक्रियेचा इतिहास फार जुना नाही. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी १९६२ मध्ये खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वीपणे रूढ करण्यास आरंभ केला. आजच्या गुडघेबदलाचा पाया ठरलेला सांधा न्यूयॉर्कमध्ये १९७४ पासून बसविला जाऊ लागला, आणि त्याच्या रचनाकारांत भारतात जन्मलेले डॉ. चित्तरंजन राणावत हे एक होते. भारतीय जनतेच्या मनात ही शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने ठसली ती तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. राणावत यांच्या नेतृत्वाखाली त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये बदलण्यात आला आणि उजवा गुडघा जून २००१ मध्ये. देशाच्या पंतप्रधानांनाही दोन गुडघ्यांमध्ये आठ महिन्यांचे अंतर ठेवावे लागले आणि त्या आठ महिन्यांत एक नवा व एक दुखरा अशा दोन पायांवर देशाचा कारभार चालला, ही गोष्ट वाट पाहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

खर्चापायी थांबलेल्यांची संख्याही एके काळी मोठी होती. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. त्यापूर्वी दीड लाखाच्या घरात असणारा कोबाल्ट-क्रोमियमचा प्रचलित सांधा त्या वेळी कर वगळून ५४,७२० रुपयांच्या मर्यादेत आला. अनेक घरांत वर्षानुवर्षे टळलेला विषय त्यानंतर पुन्हा निघाला.

आणि मग २०२० साल आले. मार्च महिन्यात केंद्र शासनाने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना रुग्णालयांना दिली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. सेवाग्राम आणि सावंगी येथील रुग्णालयेही कोविडच्या रुग्णसेवेत गुंतली. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील शल्यविशारदांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने त्या वेळी अंदाज मांडला होता की, सर्वाधिक व्यत्ययाच्या बारा आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील वा लांबतील. त्यांत सुमारे ६३ लाख अस्थिरोगाच्या असतील आणि भारताचा वाटा ५ लाख ८० हजारांच्या आसपास असेल. ज्यांचा गुडघा त्या उन्हाळ्यात बदलला जायचा होता, त्यांच्यासमोर रुग्णालयाचे दार मिटले, आणि ज्या मंदिरात जाऊन मन शांत करायचे तेही मिटलेले होते. महाराष्ट्रातील धार्मिक स्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, पुन्हा उघडली. तोवर पर्युषण आणि दशलक्षण पर्वही घरातच पार पडले होते.

त्या काळात एक गोष्ट प्रकर्षाने दिसून आली. घरात अडकलेल्या ज्येष्ठांचे जे नुकसान झाले, त्याला केवळ झिजलेला गुडघा कारण नव्हता. हालचाल थांबली, मांडीचे स्नायू सुकले, वजन वाढले, उन्हाचा स्पर्श राहिला नाही, माणसांचा सहवास तुटला. सांध्याची झीज महिन्यांच्या हिशेबाने पुढे सरकते, पण न वापरलेला स्नायू आठवड्यांच्या हिशेबाने दुबळा होतो. प्रतीक्षेचा खरा धोका येथे आहे, आणि सुदैवाने तो टाळण्याचे साधन रुग्णाच्याच हाती आहे. पुढे इंग्लंडमध्ये सर्व प्रकारच्या उपचारांची प्रतीक्षायादी २०२३ मध्ये ७५ लाखांच्या वर गेली. तेथील भूलतज्ज्ञांनी प्रतीक्षायादीकडे तयारीची यादी म्हणून पाहावे, असा विचार पुढे आणला. श्रावकाला हा विचार परका वाटू नये. उदयाला आलेले कर्म आणि करावयाचा पुरुषार्थ या दोहोंची सांगड घालणे हा त्याच्या नित्य अभ्यासाचाच भाग आहे. तारीख कोणती मिळेल हे त्याच्या हाती नाही. त्या तारखेला तो कोणत्या स्थितीत पोहोचेल, हे पुष्कळ अंशी त्याच्या हाती आहे.

आता या पुरुषार्थाचे स्वरूप पाहू. शस्त्रक्रिया लांबल्याचे कळताच रागाने वा निराशेने रुग्णालयातून तडक निघू नये. घरच्या एकाने कागद-लेखणी घेऊन पाच गोष्टी विचारून घ्याव्यात: शस्त्रक्रिया नेमकी कोणत्या कारणाने लांबली, काय सुधारले म्हणजे नवी तारीख मिळेल, कोणत्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतील, मध्ये त्रास वाढला तर कोणाशी संपर्क साधावा, आणि शस्त्रक्रियेसाठी थांबविलेली औषधे पुन्हा केव्हा सुरू करावयाची. यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा आहे. हृदयविकार असलेल्या किंवा पूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाची रक्त पातळ ठेवणारी गोळी शस्त्रक्रियेपूर्वी बंद केलेली असते. शस्त्रक्रिया रद्द झाली आणि गोळी मात्र बंदच राहिली, तर गुडघ्याच्या दुखण्यातून प्राणावर बेतण्याचा प्रसंग उद्भवू शकतो.

त्यानंतर येतो व्यायाम. गुडघा दुखतो म्हणून पाय हलवायचाच नाही, हा समज घातक आहे. अंथरुणावर पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची लहान गुंडाळी ठेवावी, गुडघ्याने ती खाली दाबावी, पाच अंक मोजेपर्यंत दाब राखावा आणि सोडावा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा व सावकाश खाली आणावा. खुर्चीवर बसून पाय समोर ताठ करावा. घोटा वरखाली हलवावा. असे प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा, दोन्ही पायांनी करावे. शस्त्रक्रियेनंतर काही काळ भार दुसऱ्या पायावर आणि वॉकर धरणाऱ्या हातांवर असतो, म्हणून हातांनाही बळ हवे. भौतिकोपचारतज्ज्ञाला एकदा दाखवून ही पद्धत पक्की करून घ्यावी. नवकाराच्या जपाबरोबर ही आवर्तने मोजण्याचा प्रघात पाडला, तर व्यायाम चुकत नाही आणि कंटाळाही येत नाही. वैशाखात वर्ध्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा फिरणे पहाटे किंवा घरातल्या घरात, पडवीत करावे. पण ते अजिबात सोडू नये.

चालताना काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. पुष्कळजण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिचा उपयोग होत नाही. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. रात्री गुडघ्याखाली उशी ठेवून झोपण्याने तात्पुरते बरे वाटते, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि शस्त्रक्रियेनंतर सरळ होण्यास त्रास देतो; म्हणून ती सवय टाळावी. बसण्यास उंच आसन, शौचास कमोड किंवा त्यावर बसविण्याची खुर्ची, न्हाणीघरात धरण्यास दांडी आणि पायाखाली न घसरणारी फरशी, ही व्यवस्था शस्त्रक्रियेनंतर करावीच लागते. ती आजच केली, तर पडून हाड मोडण्याचे संकटही टळते.

वजनाविषयी एक हिशेब लक्षात ठेवावा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसून आले की, शरीराचे वजन एक किलोने घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे, हे बाह्य तपांपैकी एक तप आहे. या प्रतीक्षाकाळात त्याचा लाभ आत्म्यालाही होतो आणि गुडघ्यालाही. मात्र कमी खाणे म्हणजे निकृष्ट खाणे असा अर्थ घेऊ नये. जखम भरण्यासाठी प्रथिने लागतात. तूर, मूग, हरभरा यांचे मोड न आणताही वरण व उसळ होते. दूध, पनीर, शेंगदाणे हेही उपलब्ध आहेत. शाकाहारी ज्येष्ठांत बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची उणीव वारंवार आढळते. रक्तक्षयाबरोबर त्यांचीही तपासणी करून घ्यावी. मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी साडेसात-आठच्या खाली आणण्याचा आग्रह अनेक शल्यविशारद धरतात, आणि हे काम आठवड्यात होणारे नसते. तंबाखू, विडी आणि या भागात घरोघरी शिरलेला खर्रा यांचा त्याग निदान चार आठवडे आधी व्हावा. खरे तर जन्मभरासाठी व्हावा.

व्रत-उपवास करणाऱ्यांसाठी काही गोष्टी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर, जठरावर आणि रक्तदाबावर परिणाम करतात. शरीरात पाणी कमी असताना तो परिणाम अधिक घातक ठरतो. त्यामुळे चौविहार उपवास आणि वेदनाशामक गोळी यांचा मेळ घालू नये. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपवास केल्यास साखर एकाएकी उतरू शकते. काही नव्या गोळ्यांनी तर उपाशीपोटी वेगळाच धोका संभवतो आणि त्या शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. अठाई किंवा वर्षीतप करावयाचे असेल, तर ते गुरुमहाराजांबरोबर चिकित्सकालाही विचारूनच करावे. रात्री औषध घेण्याने व्रतभंग होईल, या भीतीने कित्येकजण वेदना सोसत रात्र काढतात. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे अपवाद, सांगितलेले आहेत आणि तीव्र पीडेत चित्ताची समाधी टिकविण्यासाठी औषध घेण्याचा आगार त्यांत आहे. पूर्वसूरींनी दुर्बल देहाचा विचार आधीच करून ठेवला आहे. त्याविषयी साधु-साध्वींकडून वेळीच मार्गदर्शन घ्यावे.

अहिंसेशी निगडित आणखी एक बाब आहे. शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिली जाणारी हेपॅरिन वर्गातील इंजेक्शने बहुधा डुकराच्या आतड्यापासून तयार होतात. अनेक कॅप्सूलची आवरणे जिलेटिनची, म्हणजे प्राणिजन्य असतात. ज्यांना याविषयी विचार करावयाचा असेल, त्यांनी तो शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री न करता या मोकळ्या काळात करावा आणि शल्यविशारदांना पर्याय विचारावा. अनेक रुग्णांत गोळ्यांचा पर्याय चालतो. कोठे चालत नाही तेथे चिकित्सकाचा शब्द अंतिम मानावा, कारण ही गुठळी प्राणघातक ठरू शकते.

प्रतीक्षेत माणूस अधीर होतो आणि अधीर माणसाला फसविणे सोपे असते. ‘एका महिन्यात गुडघा नवा’ असे सांगत विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि काढे यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत. त्यांनी काही दिवस वेदना थांबते. पण साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्गाचा धोका बळावतो आणि शस्त्रक्रिया आणखी लांबते. अशी पुडी घेतली असल्यास ती परस्पर बंद न करता चिकित्सकाला दाखवावी. गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्यावरही साधारणतः तीन महिने सांधेबदल टाळतात. म्हणून ते घेण्यापूर्वी शल्यविशारदांना विचारावे. आणि काही लक्षणे अशी आहेत की तेथे प्रतीक्षेला स्थानच नाही: तापासह एकाएकी सुजलेला लाल गुडघा, पोटरीची सूज, छातीत दुखणे किंवा धाप, पायातील शक्ती जाणे, पडल्यानंतर पाय टेकविता न येणे. अशा वेळी तारखेची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

शरीराची तयारी येथवर झाली. मनाचे काय? आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील एक वेदनेतून जन्मणारा आहे. वेदना होणे हे आर्तध्यान नव्हे. ‘ही वेदना केव्हा जाईल, मलाच का, तारीख पुन्हा टळली तर’ या विचाराला चित्त रात्रंदिवस जखडून राहणे हे आर्तध्यान होय. असातावेदनीय कर्माचा उदय गुडघ्यापुरता असतो. आर्तध्यान त्याला सबंध दिवसभर पसरविते. त्यावरचा उपाय म्हणून ‘दुःख करू नका’ असा उपदेश पुरेसा नाही. दिवसाला आकार हवा. ठरलेल्या वेळी उठणे, व्यायाम, दर्शन, स्वाध्याय, नातवंडांचा अभ्यास, सायंकाळी कोणाशी तरी गप्पा, असा क्रम असला म्हणजे चित्ताला गुडघ्याबाहेर राहण्यास जागा मिळते. मांडी घालता येत नाही म्हणून सामायिक सोडू नये. सामायिकाचा प्राण समता आहे. आसन हे तिचे साधन आहे. खुर्चीवर बसून केलेल्या सामायिकात समता असेल, तर त्यात काही उणे राहत नाही.

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. काही भाविक म्हणतात, वेदना सोसल्याने निर्जरा होते, मग शस्त्रक्रिया हवीच कशाला? तारीख टळली हा संकेतच समजावा. श्रद्धेपोटी आलेला हा विचार आदराने तपासला पाहिजे. महाराष्ट्राला १९५५ सालच्या कुंथलगिरीचे स्मरण आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांची दृष्टी मंदावली, चालताना जीवरक्षा अशक्य होऊ लागली, तेव्हा त्यांनी सल्लेखना स्वीकारली. वर्धा जिल्ह्याच्या तर अंगणातच आचार्य विनोबा भावे यांचे उदाहरण आहे. ज्यांच्या प्रेरणेने १९७४ मध्ये समणसुत्तं हा सर्वमान्य ग्रंथ सिद्ध झाला, त्या विनोबांनी पवनार आश्रमात अन्न आणि औषध थांबवून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, महावीर निर्वाणाच्या दिवशी, देह ठेवला. ही उदाहरणे वंदनीय आहेत. परंतु आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेचे प्रसंग सांगताना अट घातली आहे ती निष्प्रतीकार स्थितीची, म्हणजे जेथे उपायच उरलेला नाही अशा स्थितीची. झिजलेल्या गुडघ्याला उपाय आहे. २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकतात. उपाय असताना तो नाकारून अंथरूण धरणे आणि मग दिवसभर कुरकुरत राहणे, यात ना तप आहे ना समता. तपासाठी निवडलेली वेदना आणि भीतीपोटी किंवा संकोचापोटी पत्करलेली वेदना, या दोहोंतील भेद ज्याने त्याने स्वतःशी प्रामाणिक राहून ओळखावा.

दुसरीकडे, हतबल पायांची लाज वाटण्याचेही कारण नाही. आयुष्यभर पायी विहार करणाऱ्या श्वेतांबर साधु-साध्वींचे पाय जेव्हा थकतात, तेव्हा संघ त्यांच्या स्थिरवासाची व्यवस्था करतो. त्यांना एका गावी आदराने ठेवले जाते आणि त्यांच्या सेवेला भाग्य मानले जाते. जी परंपरा विहार थांबलेल्या साध्वींना सन्मानाने ठेवते, त्याच परंपरेतील एखादी श्राविका काठी हाती आली म्हणून मंदिरात येणे सोडते, हे दुःखद आहे.

आणि येथूनच समाजाचे कर्तव्य सुरू होते. वैयावृत्त्य, म्हणजे रुग्ण आणि थकलेल्यांची सेवा, हे शास्त्रांनी आभ्यंतर तपांत गणले आहे. औषधदानाला चार दानांत स्थान आहे. शस्त्रक्रिया झाल्यावर फळांची टोपली घेऊन भेटीस जाणारे पुष्कळ असतात. शस्त्रक्रिया लांबली असता जाणारे विरळा. खरी गरज तेव्हाच असते. तपासणीच्या दिवशी सोबतीला एक तरुण आणि एक वाहन, रुग्णालयातील कागदपत्रे व योजनेचे अर्ज समजून घेणारा एक जाणकार, व्यायामाची आठवण देणारा सायंकाळचा एक दूरध्वनी, यांना फार पैसा लागत नाही. कमोडखुर्ची, वॉकर, काठ्या यांचा एक संच न्यासाच्या वतीने ठेवला आणि गरजेपुरता घरी दिला, तर तो एकानंतर एक अनेकांच्या उपयोगी पडेल. पायऱ्यांना कठडा, एक उतार, प्रवचनात हातांच्या खुर्च्यांची पुढची रांग आणि पर्वकाळात तळमजल्यावर प्रतिक्रमणाची सोय, हीदेखील वैयावृत्त्याचीच रूपे आहेत. ज्या घरात एकटे वृद्ध दांपत्य राहते आणि ‘करणारे कोणी नाही’ म्हणून तारीख पुनःपुन्हा पुढे जाते, तेथे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांची पाळी चार कुटुंबांनी वाटून घेतली, तर ती तारीख पुन्हा टळणार नाही.

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी विटा वाहिल्या, वर्गणी गोळा केली, पर्वकाळात शेकडोंच्या पंगती वाढल्या, त्याच पिढीचे गुडघे आज झिजलेले आहेत. त्यांच्यापैकी जो कोणी आज तारखेची वाट पाहत असेल, त्याने ती हालचाल न सोडता आणि समता न गमावता पाहावी. आणि त्याला ती एकट्याने पाहावी लागू नये, एवढे तरुण पिढीने पाहावे.

जय जिनेन्द्र.